‘छान झालीये’च्या पुढे: पहिल्या वेबसाइटवर उपयोगी फीडबॅक कसा मिळवायचा

माझी पहिली वेबसाइट आत्याच्या दिवाळी फराळाची होती. साताऱ्यात ती बरीच वर्षं घरून चकली, अनारसे, चिरोटे, करंज्या करून देते. दर एका कागदावर लिहिलेले, ऑर्डर फोनवर. मी नुकतंच एचटीएमएल (पानाचा सांगाडा लिहायची भाषा) आणि सीएसएस (त्याला रूप देणारी) शिकले होते, म्हणून तिच्यासाठी एक पान बनवलं आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली. ‘कशी वाटली सांगा.’ अर्ध्या तासात अंगठे, फुलं, ‘वा, छान झालीये’, ‘पोरगी हुशार आहे आपली’. त्या सगळ्यात नाशिकच्या ताईचा निरोप तेवढा वेगळा होता: ‘अनारशांचा दर काय ठेवलाय यंदा?’

दर पानावर होते. चकलीच्या स्क्रीनभर पसरलेल्या फोटोखाली, आणि त्याच्याही खाली ‘आमच्याविषयी’चे तीन परिच्छेद संपले की मग. ताई तिथवर पोचलीच नव्हती. तिला वाटलं आपण आत्याची चौकशी करतोय. मला मात्र माझ्या पानाबद्दलची त्या दिवसातली सर्वांत कामाची गोष्ट कळली होती, आणि ती माझ्या प्रश्नाच्या उत्तरातून आलेली नव्हती.

त्यानंतर बऱ्याच नवशिक्यांचे पहिले प्रोजेक्ट मी पाहिले आहेत. अडचण जवळपास सगळ्यांची सारखीच असते. लोक मदत करायला तयार असतात, पण त्यांना नेमकं काय बघायचं ते कुणी सांगितलेलं नसतं. ‘कशी वाटली?’ विचारलं की समोरचा माणूस तुमच्या मेहनतीला दाद देतो, आणि त्याच्या जागी आपणही तेच केलं असतं. उपयोगी फीडबॅक हवा असेल तर त्याची तयारी तुम्हाला करावी लागते. ती कशी करायची ते क्रमाने सांगते.

१. माणसांच्या आधी यंत्राला विचारा

न बंद झालेला टॅग, न दिसणारा फोटो, फोनवर मुंगीएवढी दिसणारी अक्षरं या गोष्टी शोधण्यात दुसऱ्याचा वेळ घालवू नका. ज्याने ही चूक पाहिली तो तीच सांगून थांबतो, आणि त्यामागची मोठी अडचण त्याच्या नजरेतून सुटते.

सुरुवात डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या मोफत व्हॅलिडेटरपासून, म्हणजे कोड तपासणाऱ्या साधनापासून, करा. पानाचा पत्ता द्या किंवा कोड चिकटवा. कुठल्या ओळीत काय चुकलंय ते तो सांगतो. पंचवीस चुका दिसल्या तरी घाबरू नका. वरची एक दुरुस्त केली की तिच्यामुळे आलेल्या खालच्या पाच-सहा आपोआप जातात. मग क्रोममध्ये पानावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट उघडा आणि त्यातलं लाइटहाउस चालवा, शक्यतो इन्कॉग्निटो खिडकीत, म्हणजे तुमच्या एक्स्टेन्शन्सचा परिणाम निकालावर होणार नाही. वेग, ॲक्सेसिबिलिटी (पान सगळ्यांना वापरता येतं का) वगैरेंना ते १०० पैकी गुण देतं. ९० च्या पुढे हिरवं, ५० च्या खाली लाल. १०० गाठण्याच्या मागे मात्र लागू नका. फोटोला ऑल्ट मजकूर (फोटो न दिसणाऱ्यासाठी लिहिलेलं वर्णन) आहे की नाही एवढं यंत्राला कळतं; त्यात ‘चकलीचा डबा’ लिहिलंय की ‘आयएमजी २०३४’, यातला फरक त्याला कळत नाही.

त्यानंतर तीन गोष्टी हाताने तपासा.

पहिली, खरा फोन. डेव्हलपर टूल्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एम दाबून मिळणारं फोनचं रूप कामाचं असतं, पण तिथे अंगठा नसतो आणि ऊनही नसतं. पान फोनवर आक्रसून दिसत असेल तर बहुतेक वेळा व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग राहिलेला असतो. तो नसला की फोन पानाला संगणकाएवढं रुंद समजतो (आयफोनचा सफारी ९८० पिक्सेल धरतो) आणि मग सगळं लहान करून दाखवतो. रुंदी ३२० पिक्सेलपर्यंत कमी करूनही बघा. तिथे आडवं स्क्रोल करावं लागत असेल तर कुठला तरी डबा ठरावीक रुंदीला खिळलेला आहे.

दुसरी, माउस बाजूला ठेवून फक्त टॅबची कळ. प्रत्येक लिंक आणि बटणावर पोचता येतं का, आणि आपण कुठे आहोत ते दिसतं का? टॅबने पोचलेल्या लिंकभोवती ब्राउझर एक चौकट दाखवतो. बऱ्याच शिकवण्यांमध्ये ती निळी चौकट ‘वाईट दिसते’ म्हणून सीएसएसमधून काढून टाकायला सांगतात. काढू नका. माउस न वापरता येणाऱ्या माणसाला तीच वाट दाखवते. आवडत नसेल तर तिचा रंग बदला.

तिसरी, रंगांमधला फरक. ॲक्सेसिबिलिटीच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या मजकुराचं पार्श्वभूमीशी उजळपणाचं प्रमाण किमान ४.५ ला १ असावं, मोठ्या अक्षरांचं ३ ला १. दिवाळीचं पान म्हणून मी दर केशरी रंगात लिहिले होते. हॅश एफएफ ९९ ३३ हा केशरी पांढऱ्यावर ठेवला की प्रमाण जेमतेम २.१ येतं. माझ्या लॅपटॉपवर दर सुरेख दिसत होते. दुपारी गॅलरीत फोनवर पाहिले तर फक्त पदार्थांची नावं दिसत होती, आकडे गायब. गडद तपकिरी घेतल्यावर प्रमाण ८ च्या वर गेलं.

फोटोंचं थोडक्यात सांगते. फोनने काढलेला फोटो सहज ४ एमबीचा असतो. असे पाच फोटो म्हणजे २० एमबी, आणि १० एमबीपीएसच्या नेटवर ते उतरायला किमान १६ सेकंद. स्क्वूशसारख्या मोफत साधनात रुंदी १२०० पिक्सेल करून वेबपी प्रकारात जतन केला की तोच फोटो बहुधा दीड-दोनशे केबीत बसतो.

२. लिंक अशी द्या की ती उघडेल

हे मुद्दाम वेगळं लिहितेय, कारण पहिला फीडबॅक बऱ्याचदा इथेच वाया जातो. व्हीएस कोड या कोड लिहायच्या साधनातलं लाइव्ह सर्व्हर सुरू केल्यावर ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:५५०० असा पत्ता दिसतो. तो कॉपी करून पाठवला की समोरच्याकडे काहीच उघडत नाही, कारण १२७.०.०.१ म्हणजे ज्याचं त्याचं स्वतःचं यंत्र. सी ड्राइव्हने सुरू होणाऱ्या फाइलच्या पत्त्याचंही तसंच. झिप फाइल पाठवली तर ती फोनवर कुणी उघडत नाही. स्क्रीनशॉट पाठवला तर लोक चित्राबद्दल बोलतात, पानाबद्दल नाही.

साध्या एचटीएमएलच्या पानासाठी गिटहब पेजेस (कोड ठेवायच्या गिटहब या साइटची पान दाखवण्याची सोय) पुरेसं आहे आणि सार्वजनिक रेपॉझिटरीसाठी, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या प्रोजेक्टच्या फोल्डरसाठी, मोफत आहे. फाइल्स चढवा, सेटिंग्जमध्ये पेजेस उघडा, मेन शाखा आणि रूट फोल्डर निवडून सेव्ह करा. काही मिनिटांत पान जगाला दिसू लागतं. मुख्य फाइलचं नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल असायला हवं, तेही सगळं लहान लिपीत, म्हणजे लहान इंग्रजी अक्षरांत.

इथे एक खोडी जवळपास प्रत्येकाला भेटते. घरी सगळे फोटो दिसतात आणि चढवल्यावर दिसत नाहीत. विंडोजला फाइलच्या नावातली मोठी आणि लहान इंग्रजी अक्षरं सारखीच वाटतात. गिटहबच्या सर्व्हरला वाटत नाहीत. फाइलच्या नावाचा शेवट मोठ्या लिपीतल्या जेपीजीने होत असेल आणि कोडमध्ये तुम्ही लहान लिपीत लिहिलं असेल, तर सर्व्हरच्या लेखी ती फाइलच नाही. म्हणून सगळी नावं पहिल्यापासून लहान लिपीत, मध्ये जागा न सोडता ठेवा.

आणि चढवण्याआधी विचार करा. सार्वजनिक रेपॉझिटरीत टाकलेला फोन नंबर नंतर पुसला तरी गिटच्या, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या, इतिहासात राहतो. फोनच्या फोटोत तो कुठे काढला याची नोंद असू शकते, म्हणजे आत्याच्या स्वयंपाकघराचा नेमका ठावठिकाणा. तिची परवानगी मिळेपर्यंत मी नंबराच्या जागी दहा शून्यं ठेवली होती, आणि फोटोंमधली ती नोंद काढून मगच ते चढवले.

३. पान मराठीत असेल तर एवढं स्वतः बघाच

इंग्रजी शिकवण्यांमधून शिकलेल्या माणसाला हे कुणी सांगत नाही, आणि कोड तपासणाऱ्या अमराठी मित्राला ते दिसणारही नाही.

व्हीएस कोडमध्ये उद्गारचिन्ह टाकून टॅब दाबलं की एचटीएमएलचा सांगाडा तयार होतो. त्यात पानाची भाषा इंग्रजी अशी लिहिलेली असते. ती बदलून मराठीची खूण, म्हणजे एम आणि आर ही दोन लहान अक्षरं, लिहा. पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर त्यावरून कुठला आवाज वापरायचा ते ठरवतो. शिवाय ज्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणाची रूपं वेगळी दिलेली असतात, तिथे ती या खुणेमुळेच उमटतात.

फॉन्ट देवनागरीचा आहे ना, ते पाहा. रोबोटोसारखा फॉन्ट लावला तर त्यात देवनागरी अक्षरंच नसल्यामुळे प्रत्येक फोन आपल्याकडचं काहीतरी वापरतो, आणि तुमचं पान प्रत्येकाला वेगळं दिसतं. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू, किंवा नोटो सॅन्स देवनागरी, हे मोफत आहेत आणि चांगले आहेत. शीर्षकाला ऐटदार दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा थोडं जास्त लागतं. १.२ ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार एकमेकांत अडकतात, मी १.६ पासून सुरुवात करते. तिरप्या अक्षरांचं वळण आपल्या लिपीत मुळात नाही. ब्राउझर सरळ अक्षरंच वाकवून दाखवतो आणि ती वाचायला त्रास देतात. जोर द्यायचा असेल तर ठळक करा.

आणि खरा मजकूर घाला. ‘लोरेम इप्सम’ हा जागा भरायचा निरर्थक मजकूर भरलेल्या पानावर कुणीही खरा फीडबॅक देऊ शकत नाही. ‘खुसखुशीत भाजणीची चकली, अर्धा किलो’ ही ओळ बटणाच्या शेजारी बसते का, ते ती ओळ लिहिल्यावरच कळतं.

४. कुणाला दाखवायचं

तीन प्रकारची माणसं शोधा आणि त्यांच्याकडून तीन वेगळ्या गोष्टींची अपेक्षा ठेवा. पान प्रत्यक्ष ज्यांच्यासाठी आहे अशी माणसं; कोड समजणारं एखादं माणूस; आणि मजकूर नीट वाचणारं एखादं. माझ्या बाबतीत शेवटचं काम शाळेत मराठी शिकवलेल्या एका मावशींनी केलं. त्यांनी ‘अनारसे’ तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिल्याचं दाखवलं, आणि ‘ऑर्डर दिवाळीच्या आठ दिवस आधी’ म्हणजे धनत्रयोदशीच्या आधी की लक्ष्मीपूजनाच्या, असा प्रश्न विचारला. तो प्रश्न मला आयुष्यात सुचला नसता.

क्रम महत्त्वाचा आहे. वापरणाऱ्यांना आधी दाखवा, कोड बघणाऱ्याला नंतर. पानाची मांडणीच बदलणार असेल तर आधीचा कोड नीटनेटका करून घेण्यात अर्थ नाही.

सगळ्यांना एकाच दिवशी दाखवून टाकू नका. साइट वापरायला किती सोपी आहे याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की एकाच प्रकारच्या पाच जणांना पान वापरताना पाहिलं तर सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. त्या आकड्यावर पुढे वाद झाले. पण त्याच मांडणीतला दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो: पंधरा जणांना एकदाच दाखवण्यापेक्षा पाच जणांना दाखवा, दुरुस्त करा, मग पुढच्या पाच जणांना दाखवा. घरच्या प्रोजेक्टला तीन-तीन जणांच्या दोन फेऱ्यासुद्धा खूप शिकवतात. आणि पान पहिल्यांदा बघणारी नजर एकदाच मिळते, म्हणून एक-दोन चांगली माणसं दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवा.

५. निरोप कसा लिहायचा

नाशिकच्या ताईला पहिल्या वेळी मी नुसतं ‘कशी वाटली’ विचारलं होतं. दुरुस्त्या केल्यावर तिच्यासारख्याच लांबच्या दुसऱ्या नातेवाइकांना हा निरोप पाठवला:

‘वहिनी, आत्याच्या फराळासाठी पान करतेय, अजून अर्धवट आहे. तुम्हाला एक किलो चकली आणि अर्धा किलो अनारसे मागवायचे आहेत असं समजा. फोनवर पान उघडून एकूण किती पैसे होतील ते शोधा आणि ऑर्डर कशी द्यायची ते बघा. खरी ऑर्डर नका देऊ. जिथे अडाल तिथला स्क्रीनशॉट पाठवा. फोटो अजून बदलायचे आहेत, त्यांच्याकडे सध्या लक्ष नका देऊ. रविवारपर्यंत सांगितलंत तरी चालेल.’

यात पान कुणासाठी आहे ते आहे, काय करून बघायचं ते आहे, काय सोडून द्यायचं ते आहे आणि मुदतही आहे. मुख्य म्हणजे उत्तर ‘छान’ असं देताच येत नाही. काहीतरी आकडा सांगावा लागतो. वहिनींनी ७२० सांगितले. बरोबर उत्तर ६६० होतं. अनारशांचा दर मी अर्ध्या किलोला लिहिला होता आणि चकलीचा एका किलोला, त्यामुळे त्यांचा हिशेब चुकला. दोष त्यांच्या गणिताचा नव्हता. सगळे दर एका मापात आणल्यावर ती चूक पुन्हा कुणाची झाली नाही.

‘अर्धवट आहे’ हे शब्द लिहायला लाजू नका. काम पूर्ण झालंय असं वाटलं की लोक मन दुखावायचं टाळतात. अजून बदलता येतंय हे कळलं की मोकळेपणाने बोलतात.

६. शेजारी बसा आणि गप्प राहा

सगळ्या पायऱ्यांमधली एकच करायला वेळ असेल तर ही करा. कुणालातरी त्यांच्याच फोनवर पान वापरू द्या आणि बघत राहा. वापरताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगण्याची ही पद्धत इंटरफेसच्या कामात क्लेटन लुईस यांनी आयबीएममध्ये असताना १९८२ साली मांडली. तिला आजही खुर्ची, फोन आणि वही यापलीकडे काही लागत नाही.

शेजारच्या काकूंकडे मी गेले. सुरुवातीलाच सांगितलं, ‘काकू, मी पान तपासतेय, तुम्हाला नाही. काही जमलं नाही तर चूक माझी. जे मनात येईल ते बोलत राहा.’ हे वाक्य वगळू नका. आपल्याकडे विशेषतः मोठ्या वयाची माणसं अडली की स्वतःलाच दोष देतात आणि फोन परत करतात.

मग काम सांगितलं: ‘घरी पाहुणे येणार आहेत, दोन किलो चकली मागवायचीये.’ बटणावर ‘ऑर्डर नोंदवा’ असं लिहिलेलं होतं, म्हणून मी तोंडाने ‘ऑर्डर नोंदवा’ म्हटलं नाही. म्हटलं असतं तर काकूंनी ते शब्द स्क्रीनवर शोधले असते आणि मला काहीच कळलं नसतं. कामाचं वर्णन घरच्या भाषेत करा, पानावरच्या शब्दांत नको.

पुढची सहा मिनिटं मला फार अवघड गेली. काकूंनी आधी ‘अधिक जाणून घ्या’ दाबलं, दर असतील म्हणून. आत आमच्या घराण्याची माहिती निघाली. त्या परत आल्या. मग फोन नंबरावर बोट ठेवलं. काही झालं नाही, कारण मी तो साधा मजकूर म्हणून लिहिला होता. पुन्हा दाबला. मग म्हणाल्या, ‘थांब, पेन आणते.’ नंबर कागदावर लिहून घ्यायला त्या उठून आत गेल्या. मला तेव्हाच सांगावंसं वाटत होतं की खाली बटण आहे. नाही सांगितलं. वहीत फक्त लिहिलं: ‘नंबर दोनदा दाबला, पेन आणायला गेल्या.’

त्यांनी फोनमध्ये अक्षरं मोठी करून ठेवलेली होती. दरांच्या चौकटींना मी ठरावीक उंची दिली होती, त्यामुळे मोठी झालेली अक्षरं चौकटीबाहेर सांडून खालच्या पदार्थावर चढली होती. माझ्या फोनवर, माझ्या भावाच्या फोनवर, लाइटहाउसमध्ये, कुठेच हे दिसलं नव्हतं. चौकटीची उंची ठरवून देणं मी तेव्हापासून सोडून दिलं. मजकूर वाढला की चौकट वाढते.

बघताना एवढं पाळा. ते अडले तर मनात दहापर्यंत मोजा. ‘हे बटण दिसलं नाही का?’ असं विचारू नका. ‘आता काय शोधताय?’ एवढंच विचारा. ते तुम्हाला प्रश्न विचारतील: ‘इथे दाबू का?’ त्यावर ‘मी नसते तर काय केलं असतं?’ असं म्हणा. वहीत ते काय करतात आणि काय बोलतात तेवढंच लिहा, तुमचं स्पष्टीकरण नको. काम झाल्यावर, किंवा त्यांनी सोडून दिल्यावर, मग गप्पा मारा आणि चहा प्या. माणूस लांब असेल तर व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करायला सांगा. अंगठा कुठे घुटमळतो ते दिसत नाही, पण बाकी बरंचसं कळतं.

७. कोड दाखवताना

अनुभवी माणसाला ‘कोड बघ ना’ म्हणून अख्खी रेपॉझिटरी दिली तर तो किंवा ती वरवर बघून ‘ठीक आहे’ म्हणते. नेमकं विचारा (ग्रिड आणि फ्लेक्स या सीएसएसमधल्या मांडणीच्या दोन पद्धती): ‘दरांची मांडणी ग्रिडने केलीये, फोनवर दोन रकान्यांचा एक होतो, पण मधल्या रुंदीला शेवटची चौकट एकटी ताणली जाते. फ्लेक्सने करून पाहिलं, तिथे उंची जुळेना. कुठली वाट धरू?’ गिटहबवर ओळीच्या क्रमांकावर क्लिक केलं की त्या ओळीची वेगळी लिंक मिळते, ती द्या. आधी काय करून पाहिलंत ते सांगितलं की समोरच्याचा अर्धा वेळ वाचतो.

पहिल्या प्रोजेक्टमध्ये जाणकारांना बहुतेक त्याच गोष्टी सापडतात: बटणाच्या जागी डिव्ह (नुसता कोरा डबा), अक्षर मोठं दिसावं म्हणून निवडलेला शीर्षकाचा टॅग, एकच रंग वीस ठिकाणी हाताने लिहिलेला, काही जुळेना की लावलेलं, सीएसएसचे बाकीचे नियम दडपणारं ‘इम्पॉर्टंट’. हे ऐकून खचून जाऊ नका. यातला डिव्हचा मुद्दा मात्र आधी घ्या, कारण टॅबच्या कळीला तसलं बटण सापडतच नाही.

एखादा भाग दुसऱ्याच्या टेम्प्लेटमधून किंवा एआयकडून लिहून घेतला असेल तर तो कोणता ते सांगून टाका. नाहीतर समोरचा माणूस तुम्ही न लिहिलेल्या ओळी तुम्हाला समजावत बसतो, आणि तुम्ही लिहिलेल्या तशाच राहतात.

एखादा म्हणेल, ‘हे सगळं रिॲक्टमध्ये कर.’ एका पानाच्या फराळाच्या साइटला त्या जावास्क्रिप्ट लायब्ररीची काही गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. रिॲक्ट शिकायचं असेल तर वेगळा प्रोजेक्ट घ्या.

८. जे आलं त्याचं काय करायचं

फीडबॅक येत असताना एकच शब्द बोला: ‘हो’. जास्तीत जास्त ‘कुठे, दाखवाल का?’ ते तसं का केलं हे समजावायला सुरुवात केली की समोरचा माणूस पुढचे मुद्दे गिळून टाकतो. मी एका काकांना ‘दर खाली आहेत, स्क्रोल करायचं’ असं सांगितलं होतं. त्यांनी ‘अच्छा अच्छा’ म्हटलं आणि त्यानंतर काहीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी वही उघडा आणि प्रत्येक नोंदीपुढे ‘घडलं’ किंवा ‘मत’ लिहा. ‘नंबर दोनदा दाबला’ हे घडलं. ‘केशरी जरा भडक आहे’ हे मत. घडलेल्या गोष्टींवर वाद घालायचा नाही, त्या दुरुस्त करायच्या. मतांच्या मागे काय आहे ते शोधायचं. माझ्या एका काकांना पान ‘अजून झगमगीत’ हवं होतं आणि आतेभावाला ‘साधं’. दोघांचं एकदम कसं ऐकणार? दोघांनाही विचारलं की पान बघताना काय करत होतात. काकांना ऑर्डरचं बटण सापडलं नव्हतं, ते मजकुराच्याच रंगाचं होतं. आतेभावाला हलणाऱ्या दिव्यांच्या चित्रामुळे दर वाचता येत नव्हते. बटण गडद केलं, दिवे काढले, आणि दोघांचंही काम झालं. लोक बऱ्याचदा अडचणीऐवजी उपाय सांगतात. त्यांचा उपाय चुकीचा असू शकतो, पण त्यामागची अडचण बहुतेक वेळा खरी असते.

दुरुस्तीचा क्रम मी असा लावते: आधी चुकीची माहिती, कारण जुना दर पानावर राहिला तर भुर्दंड आत्याला पडतो. मग ज्याने माणूस थांबतो ते. मग ज्याने वेळ जातो ते. दिसण्याचं सगळ्यात शेवटी. एका दुरुस्तीचा एक कमिट (गिटमधली बदलाची नोंद) करा आणि कमिटच्या निरोपात ‘बदल’ असं न लिहिता ‘फोन नंबर दाबून कॉल लागतो’ असं लिहा. आठवड्याने काही बिघडलं तर नेमका कुठला बदल मागे घ्यायचा ते कळतं.

ज्यांनी वेळ दिला त्यांना काय बदललं ते सांगा. ‘काकू, आता नंबरावर बोट ठेवलं की फोन लागतो.’ काकूंनी लगेच करून पाहिलं, आणि आत्याला खरोखरच फोन गेला. दोघी वीस मिनिटं बोलल्या.

दुसऱ्या फेरीसाठी मी दर सगळ्यात वर आणले होते, मोठा फोटो अर्धा केला होता आणि ‘आमच्याविषयी’ तळाला नेलं होतं. नाशिकच्या ताईला पुन्हा लिंक पाठवली, या वेळी काम सांगून. अनारशांचा दर तिने लगेच सांगितला. मग तिचा पुढचा निरोप आला: ‘पण आत्या नाशिकला पार्सल पाठवते का, ते कुठे लिहिलंय?’ पानावर ते कुठेच नव्हतं. मी आत्याला विचारलं, तर चकली आणि शेव पाठवते, अनारसे आणि करंज्या वाटेत मोडतात म्हणून पाठवत नाही. ती ओळ आता दरांच्या लगेच खाली आहे.